बासष्ट सालची टेप

मोबाइलमधून आधी खरखर आली, मग सॅक्सोफोनचा एक लांब सूर, आणि त्या सुराच्या शेवटी एक बारीक खटका.

संघपाल रामटेके ताठ बसला. सावली गावच्या पंपघरात सकाळचे सात वाजले होते. वैनगंगेचं पाणी टाकीत चढत होतं आणि मोटारीच्या आवाजात दुसरं काही नीट ऐकू येत नव्हतं, तरी तो खटका त्याने ओळखला. त्याच्या सॅक्सोफोनच्या खालच्या एका चावीची गादी झिजली तेव्हा तिथे त्याने पंपाच्या व्हॉल्व्हचं रबर कापून बसवलं होतं. रबर जरा कडक होतं. चावी मिटली की खट्ट वाजायचं. असा दुसरा सॅक्सोफोन जगात असण्याचं काही कारण नव्हतं.

त्या व्हिडिओची लिंक नागपूरहून दीपिकाने पाठवली होती. त्याची मुलगी तिकडे नर्सिंग शिकत होती. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, "बाबा, हे तुमचंच ना?"

तो बाहेर टाकीखाली येऊन उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागला. पडद्यावर जुन्या टेपच्या चकतीचा फोटो होता आणि चंद्रपूरचे दाताचे डॉक्टर अश्विन केळझरकर इंग्रजीत बोलत होते. त्यातलं त्याला बरंच कळलं आणि न कळलेलं दीपिकाने नंतर फोनवर सांगितलं. कोळसा खाणीच्या एका बंद पडलेल्या क्लबाच्या अडगळीत डॉक्टरांना ही टेप सापडली होती. साल अंदाजे एकोणीसशे बासष्ट. वादक अज्ञात, बहुधा गोव्याचा असावा, आता हयात नसावा. खाली मुंबई-पुण्याच्या, परदेशातल्याही जॅझवेड्यांनी भरभरून लिहिलं होतं. एकाने त्या खटक्यावरच परिच्छेद लिहिला होता. वादक तालासाठी बोट मुद्दाम आपटतो, असं त्याचं म्हणणं होतं. आणि डॉक्टर शेवटी म्हणत होते, ढोल बहुधा क्लबातल्या एखाद्या नोकराने वाजवला असावा.

संघपालने तेवढं वाक्य तीनदा ऐकलं. मग आत जाऊन मोटार बंद केली, कारण टाकी भरून वाहायला लागली होती.

डॉक्टरांची ओळख दातामुळे झाली होती. सात-आठ वर्षांपूर्वी त्याचा वरचा पुढचा दात किडला. डॉक्टर काढायला निघाले तेव्हा त्याने त्यांचा हात धरला आणि सांगितलं की सॅक्सोफोनचं तोंड याच दातावर टेकतं, हा गेला तर वाजवणं गेलं. डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. तीन खेपा घालायला लावून दात वाचवला, आणि तिसऱ्या खेपेला त्याला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आपल्या घरी नेलं. तिथे एक अख्खी भिंत रेकॉर्डांची होती.

संघपालने वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं होतं. नगर पंचायतीत पंपावर लागल्यावरही लग्नसराईत आणि चौदा एप्रिलला तो वाजवायचाच. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा जॅझ ऐकलं आणि त्याला ते परकं वाटलं नाही. वरातीत नवरदेवाचा घोडा अडला, की गाणं संपलं तरी बँडला थांबता येत नाही. मग तेच गाणं ताणायचं, वाकवायचं, त्याच्या पोटातून दुसरं काढायचं. त्याने हे सांगितल्यावर डॉक्टर कितीतरी वेळ हसत राहिले. तीस वर्षं पुस्तकं वाचून मला जे कळलं नाही ते तुम्ही घोड्यावरून सांगितलंत, असं म्हणाले.

मग दर रविवारी सकाळी तो मोटारसायकलने चंद्रपूरला जाऊ लागला. डॉक्टरांकडे चार-पाच जण जमायचे. एकच गाणं एकाच माणसाने तीन वेगवेगळ्या साली कसं वाजवलं, यावर तास तास वाद चालायचे. सगळ्यांच्या आवडी ठरलेल्या होत्या. संघपालची आवडती रेकॉर्ड भिंतीच्या खालच्या कप्प्यात होती. मोठ्या नावाची नव्हती. तिच्यात तिसऱ्या मिनिटाला वाजवणाऱ्याचा एक सूर चुकतो. तो चूक लपवत नाही. तीच पुन्हा वाजवतो, आणखी एकदा वाजवतो, आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाटू लागतं की बाकीचं सगळं चुकीचं होतं, हेच बरोबर आहे. ती रेकॉर्ड ऐकताना संघपालचे डोळे भरून यायचे. डॉक्टर त्याच्याकडे बघून शेजारच्याला खुणावायचे, की बघा, ऐकणं याला म्हणतात. त्या खोलीत त्याला जेवढा मान मिळाला तेवढा आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता.

पोचू मडावीला तिथे त्यानेच नेलं होतं. पोचू पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलातल्या गावाचा. तिकडच्या एका लग्नात बँडचा ढोलवाला आजारी पडला आणि गावातला हा साठीचा माणूस आपला ढोल घेऊन शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हापासूनची दोस्ती. संघपालने सूर धरला की पोचू थांबायचा. आता हा येत नाही असं वाटेपर्यंत थांबायचा. आणि मग अशा जागी थाप द्यायचा की सूर आपोआप वळायचा. जानेवारीतल्या एका रविवारी दोघांनी डॉक्टरांच्या खोलीत पाऊण तास वाजवलं. काही ठरलेलं नव्हतं. मग ते थांबले. डॉक्टर उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांनी ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. नंतर मात्र त्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि संघपालनेही विचारलं नाही.

त्याच वाजवण्यात डॉक्टरांनी जुन्या यंत्रातून खरखर भरली होती आणि ते एका मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलं होतं. त्या मेलेल्या माणसाला नावसुद्धा नव्हतं.

माधवीने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "तुमी जाऊन विचारा ना त्याइले," ती म्हणाली. "एवढं घरचं समजता."

"विचारलं तर म्हणन, तुले भास झाला. त्याइचं कोण खोटं मानन? अन् माहं कोण खरं मानन?"

"मंग सोडून द्या."

"नाई," संघपाल म्हणाला. "त्याचं खोटं त्याच्याच हातानं बाहेर काढतो."

दुसऱ्या रविवारी तो नेहमीसारखा गेला. डॉक्टरांनी स्वतःच टेपची गोष्ट काढली. कदाचित त्यांना अंदाज घ्यायचा असेल. संघपालने फार सुंदर टेप आहे म्हणून सांगितलं, वादकाच्या दमसासाची तारीफ केली, गोव्याची माणसं वेगळीच, असंही म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी काय समजून घेतलं असेल ते संघपालला दिसत होतं. या माणसाला स्वतःचं वाजवणं ओळखू आलं नाही, असं त्यांना वाटलं होतं. फसवल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं.

त्यानंतरचे चार-पाच महिने तो डॉक्टरांशी इतका गोड वागला की माधवीला भीती वाटू लागली. चामोर्शीच्या बाजारातून तो त्यांच्यासाठी तांदूळ न्यायचा, रेकॉर्डांवरची धूळ पुसायचा. डॉक्टरांना बाहेरगावची भाषणं मिळू लागली, एका मोठ्या वर्तमानपत्रात फोटो आला, तो त्याने कापून जपून ठेवला. डॉक्टर जेवढे वर चढतील तेवढे त्याला हवे होते. पंपघरात एकटा असताना तो तो फोटो काढून बघायचा आणि त्याला बरं वाटायचं.

त्या वर्षी चंद्रपुरात घंटागाडीला नवी धून आली होती. शब्द नव्हते, सात सूर, शेवटचा ओढलेला. कचरा घ्यायला गाडी गल्लीत शिरली की कर्ण्यातून ती वाजत राहायची. रविवारी दहाच्या सुमाराला ती डॉक्टरांच्या खिडकीखाली यायची आणि डॉक्टर वैतागून खिडकी लावून घ्यायचे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते खिडकी लावत असताना संघपालच्या मनात ती गोष्ट आली. घरी जाऊन त्याने ते सात सूर संथ केले, तिप्पट संथ. मधला एक सूर खाली उतरवला. शेवटच्या ओढलेल्या सुरावर गमक घेतली. पंधरा दिवसांत त्या धुनेचं असं काही झालं की ऐकणाऱ्याला गलबलून यावं.

आता त्याला पोचू हवा होता. पोचूने दिवाळीपासून ढोलाला हात लावला नव्हता. त्याची बायको बुधरी तापाने गेली होती. संघपाल त्याच्या गावी गेला, दोन दिवस राहिला, आणि बुधरीबाईसाठी म्हणून एकदा वाजवू, असं त्याला म्हणाला. पोचूने होकारार्थी मान हलवली.

डिसेंबरात ते डॉक्टरांच्या खोलीत बसले. डॉक्टरांनी यंत्र लावलं. पोचूने डोळे मिटले आणि पहिल्या थापेपासून तो असा काही वाजवू लागला की क्षणभर संघपाल आपण कशासाठी आलो ते विसरला. ढोल रडत नव्हता. ढोल कोणाला तरी हाक मारत होता, थांबून उत्तराची वाट बघत होता आणि पुन्हा हाक मारत होता. संघपालने त्या थांबण्यात आपले सूर ठेवले. सातव्या मिनिटाला त्याला घड्याळ दिसलं आणि त्याने ती धून काढली. पोचूचे डोळे मिटलेलेच होते. डॉक्टर मान डोलवत होते. ज्या धुनेवर ते दर रविवारी खिडकी लावायचे, तिच्यावर ते मान डोलवत होते. संघपाल वाजवता वाजवता मनात हसला.

महिनाभरात क्लबाच्या अडगळीतून दुसरी टेप सापडली.

फेब्रुवारीत ती टेप ऐकवण्याचा कार्यक्रम चंद्रपुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात सकाळी अकराला ठेवला होता. मुंबई-पुण्याहून पंधरा-वीस रसिक आले होते. त्यांत पुण्याचे सुनिल वर्तक होते. पंचाहत्तरीचे, जॅझच्या रेकॉर्डांचा मोठा संग्रह असलेले, ज्यांच्या एका शब्दासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं धडपडत होते. संघपालने पहाटे येऊन खुर्च्या मांडल्या. मग तो पोचूला घेऊन शेवटच्या रांगेत बसला. सॅक्सोफोनची पेटी पायाशी होती. आपलं वाजवणं मोठे लोक ऐकणार आहेत, एवढंच त्याने पोचूला सांगितलं होतं. पोचूने धुतलेला सदरा घातला होता.

टेप सुरू झाली. पोचूने स्वतःचा ढोल ऐकला आणि तो पुढे वाकून बसला. संघपालने खिशात मोबाइल धरून ठेवला होता. घंटागाडीची धून त्याने त्यात भरून आणली होती. पण त्याची गरज पडली नाही. सातव्या मिनिटाला, दाराशी चहाचे कप मांडत असलेली सुकरीबाई, सभागृहाची झाडलोट करणारी, टेपबरोबर गुणगुणू लागली. पुढचा सूर येण्याआधी तो तिच्या तोंडी यायचा. दोन-तीन जणांनी मागे वळून पाहिलं.

टेप संपली. टाळ्या झाल्या. वर्तक उठून म्हणाले की इतका एकाकी सूर त्यांनी भारतात वाजवलेला कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांचा चेहरा त्या वेळी लहान मुलासारखा दिसत होता. संघपाल उभा राहिला आणि त्याने सातवं मिनिट पुन्हा लावायची विनंती केली. डॉक्टर हसून हो म्हणाले. धून पुन्हा वाजली. तो सुकरीबाईकडे वळला.

"सुकरीबाई, हे काय वाजून राह्यलं?"

ती दचकली. मग म्हणाली, "हे तं कचऱ्याच्या गाडीचं हाय. रोज सकाळी येते ना आमच्याकडं. पण असं हळू काऊन लावलं जी?"

कोणीतरी हसलं. स्थानिक माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्या ओठांवर ती धून यायला लागली होती. संघपालने पेटी उघडली. आधी त्याने ती धून गाडी वाजवते तशी वाजवली. मग हळूहळू संथ केली, मधला सूर उतरवला, गमक घेतली, आणि ती टेपवर होती तशीच्या तशी झाली. खालची चावी मिटताना खट्ट वाजलं. वर्तकांनी डोळे मिटून घेतले.

त्याने मनात मोठं भाषण तयार केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"साहेब, बासष्ट साली चंद्रपुरात ही गाडी फिरत नव्हती," तो म्हणाला. "मी संघपाल रामटेके. सावलीले पंप चालवतो. अन् ढोल वाजवणारे हे पोचूभाऊ मडावी. हे कोणाचे नोकर नाईत."

त्यानंतर सगळे एकदम बोलू लागले. डॉक्टर टेबलाशी उभे होते. ते काही नाकारत नव्हते. हातातली चकती तेवढी त्यांनी हळूच डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. या क्षणाची संघपालने इतके महिने वाट पाहिली होती. तो नजर न हलवता बघत राहिला.

बाहेर गाड्यांपाशी डॉक्टर त्याला गाठायला आले. त्यांना माफी मागायची असेल असं त्याला वाटलं आणि माफ न करण्याची त्याने तयारी केली. पण डॉक्टर वेगळंच बोलले.

"पहिलं रेकॉर्डिंग मी तुमच्या दोघांच्या नावानं पाठवलं होतं. वर्तकांना, मुंबईला, सगळ्यांना. चार महिने वाट पाहिली. कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मग टेप म्हणून टाकलं, तर एका दिवसात साठ पत्रं आली." ते थांबले. "मला ते लोकांनी ऐकायला हवं होतं, संघपाल. निदान सुरुवातीला तरी."

"अन् मंग?"

डॉक्टर आपल्या गाडीकडे वळले. ते खोटं बोलत नव्हते हे त्याला कळत होतं, आणि त्याचा त्याला रागच आला.

वर्तमानपत्रात बातमी आली. त्यात त्याचं नाव होतं, पोचूचं चुकलं होतं. वर्तकांनी पुण्याला यायचं आमंत्रण दिलं, त्याचं पुढे काही झालं नाही. रविवारची बैठक बंद पडली. डॉक्टरांनी दवाखाना मदतनिसावर सोपवला आणि ते भावाकडे नागपूरला गेले. वरच्या मजल्याच्या खिडक्या लागलेल्या राहिल्या. दीपिकाने एका संध्याकाळी फोन करून सांगितलं की पहिली टेप खोटी म्हणून इंटरनेटवरून काढून टाकलीय. म्हणजे जानेवारीतलं ते पाऊण तासाचं वाजवणं गेलं. मूळ रेकॉर्डिंग मागायला संघपालने डॉक्टरांना फोन लावला. कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले की कार्यक्रमाच्या दिवशी घरी येऊन त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पुसलं, घाबरले होते.

दुसरी टेप तेवढी राहिली, कारण ती कोणीतरी त्या दिवशी सभागृहात मोबाइलवर उतरवली होती. कचरागाडीचा जॅझ म्हणून ती गमतीने फिरत होती. सावलीत त्याला भेटणारे तीच वाजवून दाखवायचे आणि पाठीवर थाप मारायचे.

पोचू मात्र आला नाही. फोनही उचलत नव्हता. मोहफुलं पडायला लागली तेव्हा संघपाल पेटी मोटारसायकलला बांधून त्याच्या गावी गेला. पोचू रानात होता. झाडाखालचा पाला जाळून साफ केलेल्या जागेत उकिडवा बसून तो एकेक फूल वेचत होता. दरवर्षी समोर बुधरी असायची.

संघपाल त्याच्यासमोर बसला. पोचूने वर पाहिलं नाही. वेचता वेचता तो म्हणाला, "त्या दिवशी मी बुधरीसाठी वाजवत होतो."

"मले मालूम हाय, भाऊ."

"तू कोणासाठी वाजवत होता?"

डॉक्टरांनी पोचूला नोकर म्हटलं होतं, तो राग पोचूसाठीच होता, हे संघपालला सांगायचं होतं. पण सातव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहिल्याचं त्याला आठवत होतं.

"मी डोळे मिटून होतो," पोचू म्हणाला. "मले वाटलं, तू बी हाय तिथंच."

वरून फुलं पडत होती. पडताना आवाज होत नव्हता. संघपालने हात पुढे केला आणि तो वेचू लागला. त्याला सवय नव्हती. फूल चिरडायचं, माती यायची. पोचूने टोपली दोघांच्या मध्ये सरकवली. ऊन वर येईपर्यंत ते वेचत राहिले. मग पोचूने एकदा मोटारसायकलकडे पाहिलं.

"तुह्या पेटीले ऊन लागून राह्यलं," तो म्हणाला.

संघपाल उठला. पेटीची दोरी सोडली आणि ती झाडाच्या बुंध्याशी, पोचूच्या पाण्याच्या तुंब्याजवळ टेकवून ठेवली. मग तो पुन्हा येऊन बसला.